रत्नाची प्रभा आणि कोरडे नदीपात्र

एखाद्या माणसाविषयी लोकांनी बाळगलेली श्रद्धा मुळातच चुकीच्या समजुतीवर उभी असेल, तर त्या श्रद्धेतून निपजणारे फळही खोटेच मानावे काय, हा भारतीय धर्मविचारातला जुना प्रश्न आहे. त्याची चर्चा मीमांसकांनी यज्ञाच्या निमित्ताने केली, वेदान्त्यांनी उपासनेच्या निमित्ताने केली आणि पुराणकारांनी पापी माणसाच्या मुखातून निघालेल्या नामाच्या निमित्ताने केली. विसाव्या शतकात हा प्रश्न आर. के. नारायण यांच्या ‘द गाइड’ (1958) या इंग्रजी कादंबरीने एका तुरुंगातून सुटलेल्या, पोटापाण्याची सोय शोधणाऱ्या वाटाड्याच्या रूपाने पुन्हा उभा केला, आणि तिच्यावरून ‘नवकेतन’ने काढलेल्या ‘गाइड’ (1965) या हिंदी चित्रपटाने त्याचे स्वतःचे उत्तर दिले. या चित्रपटाच्या पडद्यामागच्या हकिकती आजवर बहुधा रंजक माहिती म्हणूनच सांगितल्या गेल्या आहेत. कादंबरीकाराची नाराजी, दोन भाषांतील दोन आवृत्त्या, बदललेली स्थळे आणि बदललेला शेवट यांकडे चित्रपटव्यवसायातील नेहमीची ओढाताण म्हणून पाहिले जाते. परंतु त्यांतले काही बदल असे आहेत की त्यांचा नीट विचार केल्यास कादंबरीने उघडा ठेवलेला धर्मप्रश्न चित्रपटाने कोठे आणि कसा मिटवला, हे त्यांतूनच कळते.

कथेचा सांगाडा परिचित असला तरी त्यातला प्रस्तुत भाग आठवणे आवश्यक आहे. मालगुडी या कल्पित गावच्या रेल्वे स्टेशनावर वाढलेला राजू प्रवाशांना स्थळे दाखवतो, जे ठाऊक नाही तेही ठाऊक असल्यासारखे सांगतो आणि समोरच्याला काय ऐकायचे आहे हे ओळखून बोलण्याची कला त्याच्या अंगी बाणते. लेण्यांचा अभ्यास करणाऱ्या मार्कोची पत्नी रोझी ही देवदासी घराण्यातली, अर्थशास्त्राची उच्च पदवी घेतलेली आणि नृत्यासाठी तळमळणारी स्त्री. राजू तिच्या प्रेमात पडतो, तिला नामवंत नर्तकी बनवतो, तिच्या पैशावर चैन करतो आणि अखेर तिची खोटी सही केल्याबद्दल तुरुंगात जातो. शिक्षा भोगून बाहेर पडल्यावर तो नदीकाठच्या एका ओस देवळापाशी टेकतो आणि वेलन नावाचा खेडूत त्याला साधू समजतो. राजू तो गैरसमज दूर करत नाही, कारण त्या गैरसमजाबरोबर जेवण येते. पुढे अवर्षण पडते, आणि वेलनच्या मंदबुद्धी भावाने एक निरोप उलटासुलटा पोचवल्यामुळे गावकऱ्यांचा असा समज होतो की स्वामींनी पाऊस पडेपर्यंत अन्न वर्ज्य केले आहे. राजूने खरे तर एवढेच म्हटले होते की गावातली भांडणे थांबेपर्यंत आपण जेवणार नाही, आणि तेही रागाच्या भरात. पण अवर्षणात गुडघाभर पाण्यात उभे राहून उपवास करणाऱ्या सत्पुरुषाची गोष्ट पूर्वी कधीतरी त्यानेच त्यांना ऐकवलेली असते, त्यामुळे त्याच्याच शब्दांनी त्याला बांधून घातले जाते.

या कथेचे बीज नारायण यांना कोठे मिळाले, हे त्यांनी ‘माय डेज’ या आत्मकथनात नोंदवले आहे, आणि ती नोंद कादंबरीइतकीच मननीय आहे. म्हैसूर भागात भीषण दुष्काळ पडला असता कृष्णराज सागराचा तळ उघडा पडला, दीडशे फूट खोलीच्या त्या जलाशयात भेगाळलेली जमीन, पाण्याखाली गेलेले एक प्राचीन देऊळ आणि वाळून मेलेल्या मगरी दिसू लागल्या. तेव्हा नगरपालिकेने पावसासाठी अनुष्ठान योजले. काही ब्राह्मण कावेरीच्या कोरड्या पात्रात गुडघाभर पाण्यात उभे राहून अकरा दिवस उपवास आणि मंत्रपठण करत राहिले आणि बाराव्या दिवशी पाऊस आला. त्यांच्या पायाखालचे पाणी मात्र मोठा खर्च करून आणून ओतावे लागले होते. या तपशिलावर क्षणभर थांबणे अगत्याचे आहे, कारण पाणी मागण्यासाठी ज्या पाण्यात उभे राहायचे ते पाणीच कृत्रिम होते, आणि तरीही त्या कृत्रिमतेने विधी खोटा ठरला असे तेथे जमलेल्या कोणाला वाटले नाही. कादंबरीतल्या राजूसाठीही आटलेल्या नदीत खड्डा करून पाणी साठवावे लागते, आणि नदीतली मगर पाण्यावाचून मेल्याची वार्ताही तेथे येते. मांडलेला देखावा आणि मनापासूनची प्रार्थना एकमेकांना चिकटूनच कशी असतात, हे नारायण यांनी प्रत्यक्षात पाहिले होते. हा प्रसंग मनात घेऊन ते अमेरिकेत गेले आणि 1956 साली बर्कली येथे त्यांनी कादंबरी लिहून काढली. पुढे 1960 साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि हा मान मिळालेली ती पहिली इंग्रजी साहित्यकृती ठरली.

पर्जन्यासाठी केलेल्या कर्माचे फळ कशावर अवलंबून असते, याविषयी परंपरेची भूमिका बरीच काटेकोर आहे. वैदिक कर्मकांडात ‘कारीरी’ नावाची इष्टी, म्हणजे विशिष्ट कामनेने केलेला छोटा याग, पावसासाठी सांगितली आहे; तीत करीर या काटेरी झुडपाची फळे वापरत असल्याने तिला ते नाव पडले. तिचे वैशिष्ट्य असे की स्वर्गप्राप्तीसारखे तिचे फळ परलोकात मिळायचे नसून याच ठिकाणी, डोळ्यांदेखत मिळायचे असते, आणि त्यामुळे तिची कसोटीही डोळ्यांदेखतच होते. इष्टी केली आणि फळ आले नाही तर वेदवचन खोटे मानावे काय, या आक्षेपाला न्यायसूत्रांत पुत्रकामेष्टीच्या संदर्भात उत्तर दिले आहे, ते असे की दोष वचनात नसून कर्मात, कर्त्यात किंवा साधनात असतो. कर्म यथाविधी झाले नसेल, कर्ता अधिकारी नसेल अथवा सामग्री अशुद्ध असेल, तर फळ अडते. येथे ‘अधिकार’ या शब्दाचा अर्थ सत्ता असा नसून ते कर्म करण्याची पात्रता असा आहे. ही मोजपट्टी राजूला लावली तर तिन्ही बाजूंनी वैगुण्यच आढळते, कारण त्याचे कर्म एका चुकलेल्या निरोपातून सुरू झालेले, कर्ता शिक्षा भोगून आलेला भोंदू आणि साधन म्हणजे चोरून खाल्लेल्या उरल्यासुरल्या अन्नाने पहिल्याच दिवशी विटाळलेला उपवास.

महाभारतात व रामायणात येणारी ऋष्यशृंगाची कथा या संदर्भात डोळ्यांसमोर ठेवण्याजोगी आहे. अंगदेशी राजा रोमपादाच्या राज्यात अवर्षण पडले, तेव्हा ज्याने जन्मापासून स्त्री पाहिलेली नाही अशा त्या तरुण तपस्व्याला गणिकांकरवी भुलवून आणले गेले, आणि त्याचे पाऊल राज्यात पडताच पाऊस कोसळला. या कथेचा प्रचलित अर्थ असा की निष्कलंक ब्रह्मचर्यात पाऊस पाडण्याचे सामर्थ्य असते. पण कथा बारकाईने वाचली तर त्या सामर्थ्याला लोकांपर्यंत आणण्याचे काम त्याच स्त्रियांनी केले आहे ज्यांना समाज अपवित्र म्हणत होता. राजू हा ऋष्यशृंगाचा उलटा आरसा आहे. तो तपोवनातून नगरात येत नाही, तर नगरातून आणि तुरुंगातून देवळाकडे येतो. स्त्रीचा संग त्याच्यापुढे नसून मागे आहे. आणि देवदासी घराण्यातल्या एका नर्तकीशी आलेल्या संबंधाने त्याला जे उद्ध्वस्त केले, त्याच उद्ध्वस्तपणाने त्याला त्या ओस पायऱ्यांवर आणून बसवले. नारायण यांनी ही कथा समोर ठेवून लिहिले असे म्हणण्याचे कारण नाही. तथापि ज्या संस्कृतीत ही कथा शतकानुशतके सांगितली गेली, तिच्यात पाऊस आणणाऱ्या माणसाची कल्पना कोणत्या साच्यात घडली होती आणि कादंबरीने तो साचा किती पूर्णपणे उलथवला, हे या तुलनेने स्पष्ट होते.

मग अशा अपात्र माणसावर ठेवलेल्या विश्वासाचे काय करायचे? या ठिकाणी विद्यारण्यांच्या ‘पंचदशी’चा आधार विशेष मोलाचा ठरतो. चौदाव्या शतकातील या वेदान्तग्रंथाच्या ‘ध्यानदीप’ नावाच्या नवव्या प्रकरणात भ्रमाचे दोन प्रकार सांगितले आहेत. भ्रम म्हणजे एका वस्तूच्या ठिकाणी दुसरीच वस्तू भासणे. परंतु काही भ्रम माणसाला फळापर्यंत नेऊन पोचवतात, त्यांना ‘संवादी’ म्हणतात, आणि काही त्याला रिकाम्या हातांनी परत पाठवतात, त्यांना ‘विसंवादी’ म्हणतात. एका घरात दिवा जळत असून त्याचा उजेड दाराबाहेर पडला आहे आणि दुसऱ्या घरात रत्न असून त्याची प्रभा बाहेर फाकली आहे, अशी कल्पना केली तर दोन्हीकडे उजेडालाच रत्न समजून धावणारे दोघेही भ्रमातच असतात. पण दिव्याच्या उजेडाकडे धावणाऱ्याला काही मिळत नाही आणि रत्नाच्या प्रभेकडे धावणाऱ्याला, प्रभा म्हणजे रत्न नव्हे तरीही, रत्न गवसते. हा दृष्टान्त मूळचा सातव्या शतकातील बौद्ध तार्किक धर्मकीर्तीचा. ज्ञानाची सत्यता त्यातून घडणाऱ्या सफल व्यवहारावर ठरते असे तो मानत असे, आणि विद्यारण्यांनी त्याची युक्ती उपासनेच्या समर्थनासाठी वापरली. त्यांनी आणखी जी उदाहरणे दिली त्यांपैकी एक महाराष्ट्राला फार जवळचे आहे: गोदावरीचे पाणी गंगाजल समजून कोणी अंगावर शिंपडले तर तो चुकला खरा, पण शुद्धी त्याला मिळालीच, कारण गोदावरीही पावनच आहे. सन्निपातज्वरात बरळताना नारायणाचे नाव घेऊन मेलेला माणूसही त्यांच्या मते याच कोटीत येतो.

वेलनचा विश्वास हा दिव्याच्या उजेडाकडे धावणाऱ्याचा आहे की रत्नाच्या प्रभेकडे धावणाऱ्याचा, हाच ‘द गाइड’चा खरा प्रश्न आहे, आणि कादंबरीने तो फार कसोशीने तोलून धरला आहे. उपवासाला तोंड देण्यापूर्वी राजू वेलनला सारे सांगून टाकतो. कादंबरीचा मोठा भाग म्हणजे हीच कबुली आहे. त्याची अपेक्षा अशी की सत्य ऐकल्यावर हा माणूस उठून जाईल आणि आपली सुटका होईल. वेलन मात्र रात्रभर ऐकतो, आपल्यासारख्या सामान्य माणसाला स्वामींनी एवढे का सांगावे याचे त्याला नवल वाटते, आणि त्याची श्रद्धा रेसभरही कमी होत नाही. वेदान्तात दोरीवर भासलेला साप हे भ्रमाचे प्रसिद्ध उदाहरण आहे, आणि त्याचा नियम असा की दोरी दोरी म्हणून दिसताच साप नाहीसा होतो. येथे दोरी स्वतः सांगते आहे की आपण दोरी आहोत, तरीही साप, किंवा वेलनच्या दृष्टीने देव, जागचा हलत नाही. याचे एक स्पष्टीकरण खेडुताचे भोळेपण हे आहे आणि पुष्कळ वाचकांना ते पुरेसे वाटते. परंतु वेलनने जे पाहिले ते राजूच्या चरित्रात नव्हतेच, ते त्याच्या समोर बसलेल्या माणसात होते, ही शक्यता कादंबरी नाकारत नाही. आणि तसे असेल तर भ्रम वेलनला झालेला नसून राजूला झालेला आहे, कारण आपण केवळ सोंग करत आहोत ही समजूतच चुकीची ठरते.

सोंग आणि खरेपण यांच्यातली सीमा किती पातळ असते, याविषयीचा एक दृष्टान्त रामकृष्ण परमहंस सांगत असत. रात्री दुसऱ्याच्या तळ्यावर मासे पकडायला गेलेला एक माणूस पकडला जाण्याच्या भीतीने अंगाला राख फासून झाडाखाली साधू बनून बसला. सकाळी लोक फळेफुले घेऊन दर्शनाला आले, तेव्हा त्याच्या मनात आले की सोंगाला एवढा मान मिळतो तर खऱ्या साधुत्वाने देवच मिळेल. राजूच्या बाबतीत असे एका क्षणात घडत नाही, आणि हीच नारायण यांच्या लेखनाची सूक्ष्मता आहे. प्रथम तो भुकेने कासावीस होतो, मग या लोकांचा आणि स्वतःचा संताप करतो, आणि काही दिवसांनी त्याच्या मनात असा विचार येतो की आपल्या न जेवण्याने झाडे बहरणार असतील तर ते न जेवणे तरी पुरतेपणी का करू नये. त्या क्षणी तो प्रथमच पैसा आणि प्रेम यांच्या पलीकडचे काही मनापासून करतो. गीतेच्या सतराव्या अध्यायात तपाचे तीन प्रकार सांगितले आहेत: फळाची आस न धरता केलेले तप सात्त्विक, मानसन्मानासाठी दंभाने केलेले राजस आणि मूढ हट्टाने देहाला पीडा देऊन केलेले तामस. राजूचा उपवास लौकिक गमावण्याच्या भीतीने सुरू होतो म्हणून तो राजस आहे, भुकेशी चिडून झगडताना तो तामसाकडे झुकतो, आणि त्या एका विचारानंतर त्याला सात्त्विक म्हणावे असे वाटू लागते. वाटू लागते, एवढेच म्हणणे योग्य, कारण पावसासाठी केलेला उपवास फळाची आस पूर्णपणे सोडू शकत नाही.

आता चित्रपटाकडे वळायचे. ‘नवकेतन’चे देव आनंद यांनी कादंबरीचे हक्क मिळवले ते प्रथम इंग्रजी चित्रपटासाठी; नोबेल पारितोषिक विजेत्या कादंबरीकार पर्ल बक यांनी पटकथा लिहिली आणि टॅड डॅनिएलेव्स्की यांनी दिग्दर्शन केले. हिंदी आणि इंग्रजी आवृत्त्या एकाच वेळी चित्रित करण्याचा मूळ बेत होता, पण दोन दिग्दर्शकांच्या दोन दृष्टी एका सेटवर नांदणे अवघड गेले. हिंदी आवृत्ती करणार असलेले त्यांचे थोरले बंधू चेतन आनंद ‘हकीकत’कडे वळले आणि ती जबाबदारी धाकटे बंधू विजय आनंद यांच्याकडे आली, त्यांनी हिंदीसाठी पटकथा नव्याने लिहिली. इंग्रजी आवृत्ती विस्मरणात गेली, तर हिंदी आवृत्तीने फिल्मफेअरची सात पारितोषिके मिळवली, त्यांत उत्कृष्ट कथेचे पारितोषिक नारायण यांच्या नावे होते. ज्या लेखकाने या रूपांतराविषयीची आपली खंत एका दीर्घ लेखात जाहीरपणे मांडली, त्यालाच कथेचा मान मिळावा, हे सुखाचे नव्हते. नारायण यांची मुख्य तक्रार अशी होती की त्यांनी म्हैसूर परिसरातली आपली स्थळे निर्मात्यांना हिंडून दाखवली, पण चित्रण झाले ते राजस्थानात, उदयपूर-जयपूरच्या भव्य रंगीत पार्श्वभूमीवर, आणि कादंबरीत नसलेले वाघांचे दृश्यही त्यांना ऐकून घ्यावे लागले. ही तक्रार केवळ भूगोलाची नव्हती. मालगुडी हे लहान गाव असल्यामुळेच तेथला चमत्कार शंकास्पद राहू शकतो. किल्ले, महाल आणि अफाट वाळवंट यांच्या पुढ्यात उभा केलेला माणूस आपोआपच महापुरुषासारखा दिसू लागतो.

त्याहून अधिक अर्थपूर्ण बदल एका शालीचा आहे. कादंबरीत राजू देवळापाशी दगडी चौथऱ्यावर मांडी घालून नुसता बसलेला असतो, आणि वेलन त्याला साधू ठरवतो तो केवळ त्या बसण्यावरून. चित्रपटात मात्र थंडीत झोपलेल्या राजूच्या अंगावर एक वाटसरू साधू आपली भगवी शाल पांघरून निघून जातो आणि सकाळी त्या शालीमुळे गावकरी फसतो. पटकथेच्या सोयीच्या दृष्टीने हा बदल अचूक आहे, कारण प्रेक्षकाला गैरसमजाचे कारण डोळ्यांनी दिसते. पण धर्माच्या परिभाषेत पाहिले तर येथे राजूला नकळत दीक्षाच मिळाली आहे. दीक्षा म्हणजे परंपरेत आधीच स्थिर असलेल्या कोणीतरी नवख्याला त्या मार्गाचा अधिकार देणे, आणि भगवे वस्त्र हे तिचे चिन्ह. खऱ्या साधूच्या खांद्यावरून राजूच्या खांद्यावर आलेली ती शाल प्रेक्षकाला सुरुवातीपासूनच सांगते की या घरात दिवा नसून रत्न आहे, आणि कर्त्याच्या पात्रतेचा जो प्रश्न कादंबरीला अखेरपर्यंत छळतो त्याची धार चित्रपटाच्या प्रारंभीच बोथट होते.

वेलनची जागा चित्रपटात भोला या गावकऱ्याने घेतली आहे आणि ती भूमिका गजानन जागीरदारांनी केली; ‘प्रभात’च्या ‘शेजारी’मधल्या मिर्झाने ज्यांचे नाव मराठी प्रेक्षकाच्या मनात कोरले गेले तेच हे नट. राजूच्या आईच्या भूमिकेत लीला चिटणीस होत्या. भोलाच्या चेहऱ्यावरचा विश्वास हा अडाण्याचा विश्वास वाटू नये, ही या भूमिकेची खरी परीक्षा होती, आणि जागीरदार तीत उतरले म्हणूनच राजूचे उत्तरायुष्य पटते. दुष्काळाच्या प्रसंगात सचिनदेव बर्मन यांनी स्वतःच्या आवाजात गायलेले, बंगालच्या लोकगीताच्या धाटणीचे एक गीत येते, त्यात पावसाचे साकडे अल्लाला घातलेले आहे. हिंदू साधूच्या उपवासाला मुसलमान शेतकऱ्याच्या प्रार्थनेची जोड देणे हा त्या चित्रपटातला सर्वांत शहाणा निर्णय म्हणावा लागेल, कारण अवर्षणापुढे माणसाची हाक एकाच चालीची असते. महाराष्ट्रातही कडुलिंबाचा पाला अंगाला बांधून दारोदारी धोंडी मागणारी पोरे आणि गाभाऱ्यात पाणी भरून महादेव कोंडणारे गावकरी हीच हाक घालत आले आहेत, आणि त्यांना पंचांगातल्या अधिकाराची पर्वा कधी वाटलेली नाही.

चित्रपटातला विचाराच्या दृष्टीने सर्वांत उंच क्षण तो आहे ज्यात राजू सांगतो की पाऊस पडेल की नाही हे आपल्याला ठाऊक नाही, पण या लोकांचा आपल्यावर विश्वास आहे आणि त्यांच्या त्या विश्वासावर आता आपला विश्वास बसू लागला आहे. हा क्षण कादंबरीत या रूपात नाही, विजय आनंदांच्या पटकथेने तो दिला आहे, आणि त्याचे श्रेय मोकळेपणाने दिले पाहिजे. श्रद्धेचा विषय येथे देव नाही, स्वतःचे सामर्थ्यही नाही. दुसऱ्याची श्रद्धा हाच श्रद्धेचा विषय झाला आहे. माणूस त्याच्या श्रद्धेने घडतो असे गीता म्हणते, परंतु माणूस इतरांच्या श्रद्धेने घडू शकतो काय, हा पुढचा प्रश्न त्या एका उद्गारात विचारला गेला आहे. संवादी भ्रमाच्या दृष्टान्ताला यामुळे एक नवीच जोड मिळते: लोकांच्या धावण्यामुळेच घरात रत्न उत्पन्न होऊ शकते, अशी शक्यता विद्यारण्यांनीही बोलून दाखवलेली नाही.

येथवर पोचल्यानंतर चित्रपट शेवटी दोन गोष्टी एकदम करतो आणि त्या एकमेकींना छेद देतात. एकीकडे मरणोन्मुख राजूची देहभाव बाळगणारी बाजू आणि देहापलीकडची बाजू यांचा संवाद दाखवला जातो, ज्यात सुखदुःख, जन्ममृत्यू, मीपणा सारे ओसरते आणि पाऊस पडण्या-न पडण्यालाही अर्थ उरत नाही. दुसरीकडे मुसळधार पाऊस कोसळतो, जमाव नाचतो आणि रोझी व आई यांच्या सान्निध्यात राजू प्राण सोडतो. कादंबरीत या दोघींपैकी कोणी तेथे येत नाही. फळाला अर्थ नाही असे सांगून झाल्यावर लगेच फळ हातात ठेवले, तर प्रेक्षक तत्त्व विसरतो आणि फळ घेऊन घरी जातो. पाऊस हेच रत्न होते असा निवाडा त्या दृश्याने दिला. हा निवाडा मान्य केला तर एक अडचण उभी राहते, ती अशी की त्या दिवशी पाऊस आला नसता तर राजू पुन्हा भोंदू ठरला असता, म्हणजे त्याच्या अंतःकरणात जे काही घडले ते खरे की खोटे हे वाऱ्याच्या दिशेवर अवलंबून राहिले असते. धर्मकीर्तीची कसोटी वस्तूच्या व्यवहाराला लागू पडते. माणसाच्या पालटाला ती लावताना कोणते फळ मोजायचे, हे आधी ठरवावे लागते, आणि तेथेच चित्रपट घाईत गेला.

तरीही या टीकेची दुसरी बाजू दडवून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. पाऊस पडला काय आणि न पडला काय, साधकाच्या दृष्टीने सारखेच, हे वाक्य ग्रंथात शोभते, पण ज्याची गुरे चाऱ्यावाचून मेली आणि ज्याच्या घरातले बियाणे खाण्यात संपले त्या शेतकऱ्यापुढे ते उच्चारता येत नाही. राजूचा पालट हे रत्न मानले तर त्या पालटाची किंमत गावाच्या तहानेने चुकवली, असा अर्थ निघतो, आणि एका माणसाच्या मुक्तीसाठी दुष्काळ हे निमित्त झाले हा विचार धर्माला लांच्छन आणणारा आहे. पडद्यावर पाऊस पाडण्यामागे गल्ल्याचा हिशेब असेल. पण त्यात शेतकऱ्याच्या बाजूने घातलेले मापही आहे, आणि 1965-66 च्या अवर्षणाने होरपळलेल्या देशात ते माप हलके नव्हते. कादंबरीचे उत्तर अधिक सत्य असेल, तरी चित्रपटाच्या उत्तराला हृदय नाही असे म्हणता येत नाही.

राजूने जगावे की मरावे याविषयी नारायण स्वतः साशंक होते. लंडनमध्ये त्यांनी कथानक ग्रॅहम ग्रीन यांना ऐकवले तेव्हा नायक मेलाच पाहिजे असे ग्रीन यांनी ठामपणे सांगितले, आणि त्यामुळे जन्माला येण्यापूर्वीच ज्याला देहान्ताची शिक्षा झाली आहे अशा माणसाचे चरित्र आपल्याला लिहावे लागले, असे नारायण यांनी नमूद केले आहे. ग्रीन हे कॅथलिक पंथाचे होते आणि पापी माणसावर होणारी ईश्वरी कृपा हा त्यांच्या स्वतःच्या कादंबऱ्यांचा कायमचा विषय होता. पतित पुरोहिताचे हौतात्म्य रंगवणाऱ्या लेखकाला राजूचा मृत्यू अटळ वाटावा, यात नवल नाही. त्या परंपरेत रक्ताने साक्ष पुरी होते. नारायण यांनी सल्ला ऐकला, पण पाळला तो आपल्या पद्धतीने. सरकारी डॉक्टर स्वामींना वाचवण्याचा आदेश घेऊन आले आहेत, अमेरिकेहून आलेला माणूस कॅमेरा लावून बसला आहे, जत्रेसारखी गर्दी लोटली आहे, आणि पहाटे राजू उठून नदीकडे निघतो. त्याला स्वतःच्या पायांवर उभे राहवत नाही. वेलन आणि आणखी एक जण त्याला दोन्ही बाजूंनी धरून पात्रातल्या त्या साठवलेल्या पाण्यापर्यंत नेतात, तो डोळे मिटून डोंगरांकडे तोंड करतो, आणि तिकडे पाऊस पडतो आहे, तो आपल्या पायांतून वर चढत येतो आहे, असे वेलनला सांगत खाली कलतो. पाऊस कोणाला दिसल्याचे कादंबरी सांगत नाही, राजू मेल्याचेही सांगत नाही. वेलनने त्याला धरलेले असते, एवढेच तेथे लिहिलेले आहे.